पाचवी खुंटी

१

एकदा मी असा नवस बोलले होते, की आम्हाला घर मिळालं तर वर्षभर आमच्या उंबरठ्यावर आलेल्या कुणालाही मी ‘नाही’ म्हणणार नाही.

ताई, तुम्ही मला ओळखत नाही. तुम्ही येत्या सोमवारी शेजारच्या घरात सामान घेऊन येणार, असं घर दाखवणारा दलाल म्हणाला. चावी त्याने माझ्याकडे ठेवली आहे, म्हणून हे पत्र तुमच्या स्वयंपाकघरातल्या वरच्या खणात ठेवते. भांडी लावायच्या आधी वाचा. वाचताना ‘या बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय’ असं वाटलं तर वाटू द्या, मलाही अधूनमधून वाटतं. फक्त मध्येच सोडू नका.

नवस मी आयुष्यात पुष्कळ केले. यांची नोकरी कायम व्हावी म्हणून दोन वर्षं गोड सोडलं. थोरल्याचा ताप उतरावा म्हणून महिनाभर जमिनीवर झोपले. आमचे हे चेष्टा करायचे, ‘तुला बघितलं की देव आतून कडी लावून घेत असेल.’ हे वजनकाटे तपासतात. दुकानातले, कारखान्यातले, दवाखान्यातले काटे बरोबर दाखवतात का ते पाहायचं आणि शिक्का मारायचा. ‘काट्याला मन नसतं, म्हणून तो खोटं बोलत नाही,’ हे त्यांचं लाडकं वाक्य.

त्यांची या शहरात बदली झाली, तेव्हा एका रविवारी आम्ही टेबलावर कागद पसरून उपनगरांची यादी केली. यांनी पट्टीने रकाने आखले: भाडं, शाळा किती लांब, मुलांना खेळायला जागा, कामावर पोचायला वेळ. जे जवळ होतं ते परवडत नव्हतं. जे परवडत होतं तिथून शाळेला दोन बस बदलाव्या लागत. आणि जिथे चारही रकाने जुळायचे, तिथे घरमालक दारातच विचारायचे, ‘लहान मुलं आहेत का?’ आहेत म्हटलं की, ‘मग नाही.’

अशी अकरा दारं झाली. अकराव्या दारातून परतताना माझी धाकटी, सहा वर्षांची, बसमध्ये माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “आई, मी आणि दादा बाहेर थांबलो तर तुम्हाला देतील का गं घर?”

तिला आम्ही भिंगरी म्हणायचो. एका जागी पाय टिकायचा नाही तिचा.

मी तिथेच डोळे मिटले आणि देवाला म्हणाले, ज्या शब्दाने माझ्या लेकरांना बाहेर काढलं तो मी कुणाला ऐकवणार नाही. आम्हाला दार उघड. एक वर्ष मी हा शब्द पाळीन.

एक वर्ष, हे मी माझ्या मनाने बोलले. देवाने मुदत मागितली नव्हती.

२

तिसऱ्या दिवशी दलालाचा फोन आला.

हे घर आणि तुमचं घर जोडीचं आहे. एकच छप्पर, मधे एक सामाईक भिंत आणि दोन्हीकडे उलटसुलट खोल्या, आरशात पाहिल्यासारख्या. आमचा जिना भिंतीच्या अलीकडे, तुमचा पलीकडे. चौदा पायऱ्या. समोर बाग, बागेपलीकडे शाळा. भाडं ऐकून हे दलालाला म्हणाले, “महिन्याचंच सांगताय ना?”

दलाल हसला. “साहेब, इथे उलटं आहे. मुलं नसतील तर आम्ही घर दाखवत नाही. तुम्हाला किती? दोनच?”

जेवण वाढणाऱ्याने ‘एवढंच?’ म्हणावं, तसं तो ‘दोनच’ म्हणाला. मला तेव्हा बरं वाटलं. जगात कुणीतरी माझी मुलं कमी आहेत म्हणत होतं.

दाराशी कपडे अडकवायला लाकडी पट्टी होती आणि तिच्यावर पाच खुंट्या. सगळ्या निळ्या रंगवलेल्या. पाचवी मात्र जरा खाली ठोकलेली, लहान मुलाच्या हाताला येईल अशी, आणि तिचा रंग घासून घासून उडालेला. पट्टी नवी, खुंट्या नव्या, झीज फक्त त्या एकीला.

“चार माणसं, पाच खुंट्या,” हे म्हणाले. “एक तुझ्या देवाची.”

भिंगरीने पहिल्याच दिवशी जिन्याचा खेळ लावला. वर चढताना एकेक पायरी मोठ्याने मोजायची, तेरावर थांबायची आणि खालून मी ‘चौदा!’ म्हणाल्याशिवाय शेवटच्या पायरीवर पाय ठेवायची नाही. माझे हात पिठात असोत की साबणात, चौदा म्हणावंच लागे. एकदा मुद्दाम गप्प राहिले, तर दहा मिनिटं तेराव्या पायरीवर एका पायावर उभी होती.

तुमच्या घरात तेव्हा एक नवराबायको राहत. बाई माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या असतील. मूलबाळ नाही, असं सगळे म्हणत. पण दलालाचं वाक्य माझ्या कानात होतं, मग यांना घर कसं मिळालं असा प्रश्न मनात आला आणि सामान लावण्याच्या गडबडीत विरूनही गेला. पहिल्याच संध्याकाळी शेजारीणबाईंनी कुंपणावरून हात पुढे करून माझा हात धरला. हात गार होता.

“वहीवाल्या बाई येतील,” त्या म्हणाल्या. “दारात विचारतील. नाही म्हणू नका हं.”

“मी कुणालाच म्हणत नाही,” मी हसून म्हणाले आणि नवसाची गोष्ट सांगितली. तहानलेल्याने पाणी प्यावं, तशी त्यांनी ती ऐकली. मला वाटलं, आपल्यासारखीच भाविक आहे कुणी. मैत्री होईल.

३

आठव्या दिवशी सकाळी वहीवाल्या बाई आल्या. वसाहतीच्या समितीकडून येतात त्या. कापडी बूट, करड्या रंगाचा कोट, दोन्ही टोकं तासलेली पेन्सिल. आत या म्हटलं तर येत नाहीत. उंबरठ्यापलीकडे उभं राहून वही उघडतात. चेहरा म्हणाल तर अगदी मायाळू.

“पाच ना?” त्यांनी विचारलं.

मी बोलायला तोंड उघडलं. ‘नाही, चार’, दोनच शब्द. पण पहिला शब्द जिभेवर आला आणि नवस आठवला. आठ दिवससुद्धा झाले नव्हते, ताई. एका आकड्यासाठी देवाला दिलेला शब्द मोडायचा? मी सरळ ‘चार’ म्हणू शकले असते, हे मला दुपारी भांडी घासताना सुचलं. त्या वेळी मात्र त्यांची पेन्सिल कागदावर टेकली होती आणि कुंपणापलीकडे शेजारीणबाई हातात ओला टॉवेल तसाच धरून माझ्याकडे बघत होत्या.

“हो,” मी म्हणाले.

“छान,” वहीवाल्या बाई म्हणाल्या आणि लिहिलं.

शेजारीणबाई मटकन गवतात खाली बसल्या. मी धावले, पाणी आणू का विचारलं. त्या टॉवेलात तोंड खुपसून मान हलवत राहिल्या. मला वाटलं, ऊन लागलं.

संध्याकाळी हे ऐकून खो खो हसले. “उद्या हत्ती पाळलाय का विचारतील, तरी हो म्हणशील!”

“म्हणेन. निदान पाचवी खुंटी कामाला येईल.”

“हत्ती टांगणार त्या खुंटीला?”

मुलंही हसली. त्या घरात आम्ही चौघंच असताना हसलो ते शेवटचं.

४

पहिली गोष्ट अगदी क्षुल्लक. बाहेर झिमझिम होती. मुलं शाळेतून आली, ओले कोट खुंट्यांना लावले, वर पळाली. मी पोछा घेऊन आले तर यांच्या आणि माझ्या खुंटीखाली फरशी कोरडी, दादाच्या खाली थेंब, भिंगरीच्या खाली थेंब. आणि पाचवीखालीही थेंब. वर काही टांगलेलं नव्हतं. मी पुसलं. पुन्हा ठिपकले.

छत गळतंय म्हणून नळवाल्याला बोलावलं. त्याने शिडी लावून वर पाहिलं, भिंतीला हात लावला, कान लावला. खाली उतरून म्हणाला, “बाई, छत कोरडं खडखडीत आहे. आता खुंटीच गळत असेल तर ते काम आमच्यात येत नाही.”

मग डबे. मी सकाळी दोन डबे भरते. एके दिवशी दुपारी धुवायला घेतले तर तीन. तिन्ही खरकटे. तिसरा मी भरल्याचं मला आठवेना, पण झाकणावर माझ्याच बोटांचे पिठाचे ठसे. माणूस कामाच्या नादात काय काय करतं. पाहुण्यांच्या सवयीने हात वाढत असेल, मी मनाशी म्हटलं. मनाला काहीही सांगा, ते ऐकून घेतं.

पण कान ऐकून घेत नाहीत. दुपारी तीनला मुलं यायची. दादा दोन-दोन पायऱ्या गाळत धाडधाड वर जाई. मागून भिंगरी, एक, दोन, तीन मोजत. मी ‘चौदा’ म्हणे. आणि ती वर पोचल्यावर, दारं लागल्यावर, तिसरी पावलं चढत. हलकी, न घाईची. मोजणं नाही, बोलणं नाही. मी पीठ मळता मळता थांबून मनात मोजायचे. बरोबर चौदा भरायची.

शाळेच्या फाटकात भिंगरीच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या, “तुमची तिन्ही गुणी आहेत हो.”

माझी जीभ पुन्हा तिथेच अडली. फाटक माझा उंबरठा नव्हता, तिथे मी नाही म्हणू शकत होते. पण मी वळून पाहिलं, तर मुलांच्या घोळक्यात दादा चालला होता, भिंगरी चालली होती, आणि भिंगरीचा डावा हात थोडा बाजूला होता. कुणाचा तरी हात धरल्यासारखा.

५

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला हे स्वयंपाकघराच्या चौकटीवर मुलांची उंची पेन्सिलने आखतात. मापाची हौस, दुसरं काय. चौथ्या महिन्यात मी चौकट पुसत होते. वर दादाची रेघ, खाली भिंगरीची. आणि मधे, भिंगरीच्या बोटभर वर, तिसरी. तारीख यांच्याच अक्षरात.

“अहो, ही कुणाची?”

“कुणाची म्हणजे?” त्यांनी वर्तमानपत्रातून डोकं काढलं. “तिची.”

“तिची म्हणजे कुणाची?”

ते हसायला लागले, आणि हसता हसता थांबले. उठून चौकटीपाशी आले. खिशातली मोजपट्टी काढून त्यांनी जमिनीपासून त्या रेघेपर्यंत माप घेतलं. दोनदा. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “माप बरोबर आहे.”

“मी माप विचारलं नाही.”

“बरोबर आहे म्हटलं ना.”

त्या दिवसापासून ते ‘मुलं’ म्हणायच्या जागी ‘तिघं’ म्हणू लागले. तिघांना हाक मार. तिघांना बूट घ्यायचेत. सहज, पाणी मागावं तसं. मी जेवणाला बसलेली डोकी मोजायचे तर चार. उष्टी ताटं मोजायचे तर पाच. डॉक्टरकडे गेले. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं आणि झोप पुरी घ्या म्हणाले. मी विचारलं, झोप न झाल्याने ताटं वाढतात का? ते म्हणाले, नवीन जागेत असं होतं.

६

एका सुटीच्या सकाळी मी खालच्या पायरीवर बसून वेण्या घालत होते. समोर पाठमोरी मुलगी. हात आपोआप चालतात, डोकं उद्याच्या भाजीत. एक वेणी झाली, दुसरी घेतली, आणि वरून न्हाणीघरातून भिंगरीचं गाणं ऐकू आलं. गाणं नव्हेच ते, साबणावर ओरडणं.

माझे हात थांबले नाहीत. थांबले असते तर कळलं असतं, मला कळलंय असं.

भिंगरीचे केस दाट, कुरळे, फणीला दाद न देणारे. माझ्या बोटांतले केस सरळ होते, निसटते, आणि गार, थंडीतून नुकतंच कुणी आत आल्यासारखे. मानेवर केसांच्या रेषेत एक तीळ. मी रिबीन बांधली. गाठ मारली. “झालं,” मी म्हणाले.

ती उठली. वळली नाही. माझ्या बाजूने जिना चढून गेली. झग्याची कड माझ्या गालाला लागली. मी मागे बघितलं नाही, ताई. बघू शकत होते. बघितलं असतं तर ती खरी झाली असती, आणि खरं झालेलं मूल कुठे ठेवून येणार?

त्याच दुपारी शेजारीणबाई कुंपणाशी आल्या. डोळे भरलेले.

“तिला वेणी घट्ट आवडत नाही हो,” त्या म्हणाल्या.

“कुणाला?”

त्यांनी वाळलेले कपडे छातीशी गोळा केले आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी सैल घातली. हे कबूल करायला लाज कशाला? कुणाचंही असलं तरी डोकं दुखायला नको.

पण मग भिंगरी रोडावायला लागली. तशी खात होती, पळत होती, पण तिचे कोट सैल झाले. वर्गात उत्तर द्यायला तिला कुणी उभं करेना. हे हाक मारत, “भिंगरी!” ती धावत येई, आणि हे तिच्या डोक्यावरून पलीकडे बघून हसत.

“आई,” एकदा माझ्या पदराला नाक पुसत ती म्हणाली, “बाबा मला बोलवतात आणि लाड दुसरीचे करतात.”

तेव्हा मी ठरवलं. वर्ष संपायला सत्तेचाळीस दिवस उरले होते. नवस मोडला तर त्याचा फटका लेकरांना बसतो, हे मी लहानपणापासून ऐकत आलेली. म्हणून मोडायचा नाही, पुरा करायचा. वर्ष संपलं की वहीवाल्या बाई पुन्हा येतील, आणि मी त्यांना खरं काय ते सांगेन. देवाचा शब्दही राहील, पोरही राहील. मला माझ्या हिशेबीपणाचं कौतुकसुद्धा वाटलं.

मधेच शेजारीणबाईंच्या नवऱ्याची बदली झाली. ट्रक भरला. त्या फाटकातून परत आल्या, माझे दोन्ही हात धरले. नजर माझ्यावर नव्हती, आमच्या वरच्या खिडकीवर होती.

“वर्ष संपलं म्हणून काही बोलू नका. मीही ‘नाही’ म्हणून बसले होते. एवढं ऐका माझं.”

मला राग आला. स्वतःचं काहीतरी माझ्या गळ्यात बांधून ही बाई चालली, असं वाटलं. मी त्यांना नीट निरोपही दिला नाही.

७

वर्ष पुरं झालं त्या संध्याकाळी देवापुढे दिवा लावला, डोकं टेकलं, आणि नवस फिटला म्हणाले. किती हलकं वाटलं!

दुसऱ्या दिवशी शनिवार. दहाच्या सुमारास वहीवाल्या बाई आल्या. तेच बूट, तीच पेन्सिल. मी दार पूर्ण उघडलं. माझ्यामागे भिंगरी जिना चढत होती. एक, दोन, तीन.

“पाच ना?”

“नाही,” मी म्हणाले. वर्षभराने तो शब्द तोंडात आला. चिंच खाल्ल्यासारखं वाटलं. “नाही. आम्ही चौघं आहोत. मला दोनच मुलं.”

“बरं,” त्या म्हणाल्या. वाद नाही, आश्चर्य नाही. माझ्या खांद्यावरून त्यांनी आत पाहिलं. सात, आठ, नऊ. पेन्सिल कानावर ठेवली. कोटाच्या खिशातून खोडरबर काढलं.

“कोणती?” असं त्या विचारतील, म्हणून मी थांबले होते. त्यांनी विचारलं नाही.

अकरा, बारा, तेरा.

मी चौदा म्हणायला वळणार होते. पण कागदावर रबर घासल्याचा आवाज आला आणि मी त्याच्याकडे बघत राहिले. खाली-वर, खाली-वर. एकच ओळ. मग त्यांनी मायेने फुंकर घालून चुरा उडवला. तो आमच्या उंबरठ्यावर पडला.

“झालं. चौघं.”

मी वळले. तेराव्या पायरीवर कुणी नव्हतं.

वरच्या खोलीचं दार उघडलं आणि एक मुलगी खाली आली. न मोजता. माझ्या शेजारून जाऊन तिने भिंगरीच्या खुंटीवरचा भिंगरीचा निळा कोट काढला. गुंड्या लावल्या. अंगाला बरोबर बसला. पहिल्यांदाच तिने माझ्याकडे तोंड केलं. त्या तोंडाबद्दल मी काही लिहीत नाही. चांगलं तोंड होतं. माझं नव्हतं.

“चल गं भिंगरी,” हे बुटाच्या नाड्या बांधत म्हणाले, “बागेत जाऊ.”

चौदा म्हणायचं राहिलं, ताई. त्या शब्दाच्या नादात हा राहिला.

८

मी ओरडले, रडले, हे मला धरून डॉक्टरकडे घेऊन गेले. सगळं झालं. चौकटीवर दोनच रेघा आहेत. शाळेच्या वहीवर नाव भिंगरीचं, अक्षर दुसरं. ‘काय बघतेस तिच्याकडे अशी? पोर घाबरेल,’ हे म्हणतात. काटे तपासणारा माणूस! पण त्यांच्या पारड्यात दोन घातली होती, दोन आहेत. कमी दिसतंय ते फक्त मला.

नाही, दादालाही. एकदा जेवताना त्याने घास हातात धरून विचारलं, “आई, आपल्याकडे चौदा कोण म्हणायचं गं?” मी म्हटलं, मी. “मग आता का नाही म्हणत?” मी त्याच्या ताटात भाजी वाढली, आणि तोही विसरला. आता तो पायऱ्या गाळत नाही. एकेक चढतो, तेराव्यावर जरा थांबतो, का ते त्यालाही ठाऊक नाही.

ती मुलगी वाईट नाही. कुणाच्या तरी पोटचीच. परवा तिने मला पहिल्यांदा आई म्हटलं. मी ओ दिली.

आता तुमच्या घराचं सांगते. ते तीन महिने रिकामं आहे. दुपारी तीनच्या सुमारास, शाळा सुटायच्या वेळी, सामाईक भिंतीपलीकडे जिन्यावर मोजणं ऐकू येतं. एक, दोन, तीन. तेरापर्यंत. मग गप्प. मी भिंतीला तोंड लावून चौदा म्हणते. घसा फुटेस्तोवर म्हणते. आणि पुन्हा खालून, एक, दोन.

चावी मिळाली तशी आत गेले. जिन्यावर धूळ साचली आहे. तेरा पायऱ्यांवर लहान पावलांचे ठसे, एकावर एक, शेकडो. चौदावी कोरी. मी तिथे उभी राहून चौदा म्हणाले, पण ते घर माझं नाही. माझा शब्द तिथे लागत नाही, रिकाम्या खोलीत आपटून परत आला.

फक्त एकदा, काल, मी दाराच्या पत्रं टाकायच्या फटीतून डोकावले. वाकून, एका डोळ्याने. जिन्याचा वरचा भाग तेवढा दिसतो तिथून. तेराव्या पायरीवर दोन पाय होते. एका पायातला मोजा घसरून टाचेशी आलेला. एक पाय उचललेला, पुढे टाकायच्या बेतात. तसाच. मी बघत होते तोवर तसाच.

तिचा डावा मोजा कायम घसरतो. मी त्याला रबर शिवणार होते.

९

यांची पुन्हा बदली झाली आहे. बढती आहे, नवं शहर आहे, टेबलावर पुन्हा कागद आणि रकाने आहेत. तीन आठवड्यांत आमचाही ट्रक भरेल. मी अडून बसले, राहूया म्हटलं. हे म्हणाले, “त्या रिकाम्या घरापासून तुला लांब नेतोय, तेच बरं.” त्या दिवशी शेजारीणबाई खिडकीकडे का बघत होत्या, ते मला आता कळतं. त्यांना मी निरोपही दिला नाही.

तुम्ही घर बघायला आलात तेव्हा मी पडद्यामागून पाहिलं. तुम्ही दोघं आणि चष्मा लावणारा एक मुलगा. तुम्ही त्याच्या बुटाची नाडी बांधलीत, आणि उठताना शेजारी बांधायला अजून कुणी आहे का असं बघितल्यासारखं केलंत. मला तेवढ्यानेच धीर आला. दाराशी तुमच्याकडे चार खुंट्या आहेत. चौथी जरा खाली. तिच्यावर काही टांगू नका.

देवावर माझा राग नाही. त्याने दार उघडलं होतं, मुदत मी घातली. एवढी एकच चूक मला नीट समजली आहे, बाकी काही समजलेलं नाही आणि समजून घ्यायचंही नाही. आठवडाभरात वहीवाल्या बाई येतील. उंबरठ्यापलीकडे उभ्या राहतील आणि विचारतील, ‘चौघं ना?’

ताई, मी बोलले होते तसा नवस तुम्हीही बोला. हो म्हणा. फक्त वर्षाचा बोलू नका, जन्माचा बोला. तिचे केस कुरळे आहेत, आंघोळीआधी विंचरायचे, म्हणजे ओढ बसत नाही. आणि दुपारी तीनला जिन्यावर मोजणं ऐकू आलं तर घाबरू नका. हातात पीठ असो, साबण असो, काम तसंच टाका आणि तेरा झाले की मोठ्याने चौदा म्हणा.